दहा बाय अकराच्या खोलीचा आवाज

बाबा,

तुम्ही असते तर हसले असते. दहा बाय अकराच्या खोलीसाठी स्पीकर! पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन लाकडी डबे, एकेक डबा मांडीवर घेऊन बसता येईल एवढा. तुमच्या लेखी स्पीकर म्हणजे चार माणसांनी टेम्पोत चढवायची वस्तू, नाहीतर कडुलिंबाच्या फांदीला तारेनं आवळलेला भोंगा. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत गेला नाही तर तो आवाजच नाही, असं तुमचं गणित होतं. आता तुमचा पोरगा कारंज्याच्या एका दुकानात स्टुलावर बसतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो की साहेब, खोली केवढी, भिंत किती जवळ, ऐकताना तुम्ही बसणार कुठं. आणि हे डबे असे की त्यांच्या पोटात स्वतःचा जीव नाही. पॅसिव्ह म्हणतात त्यांना. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घ्या, त्याची वायर यांच्या पाठीत खोचा, तेव्हा कुठं ते तोंड उघडणार. तुम्ही म्हणाले असते, "म्हंजे जावयासारखे. सासऱ्यानं भरलं तं बोलन, नाही तं मुका."

जावयावरूनच सांगतो. मागच्या आठवड्यात एका होऊ घातलेल्या जावयाला मी असे स्पीकर विकले. त्याची होणारी बायको सोबत होती. तिच्यावर माझा जीव आहे. होता म्हणायला पाहिजे, पण तुमच्याशी खोटं बोलून मला मिळणार काय. ती मला परत पाहिजे होती, आणि गेलेल्या बाईला परत आणायची एकच रीत मी उभ्या जन्मात पाहिली होती. ती तुमची रीत. ती मी त्या दिवशी दुकानात वापरून पाहिली. त्याचा जाब तुम्हाला विचारायचा आहे, म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही उत्तर देणार नाही हे एक बरं आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं मधे न तोडता ऐकाल.

लोक तुम्हाला वाईट म्हणत नाहीत. लोक म्हणतात, भोंगेवाला मस्त माणूस होता, लगनात हसवून हसवून मारायचा. लोकांना तुम्ही भाड्यानं मिळत होते, आम्हाला कायमचे. आई पहाटे वाडीतून मेथी-सांबाराच्या जुड्या काढून बाजारात जायची, दुपारी येऊन स्वयंपाकाला लागायची, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही अंगणात डबे मांडून टेस्टिंग करायचे. फळीवरची स्टीलची ताटं थरथरत थरथरत कडेपर्यंत यायची. आई एका हातानं तव्यावरची भाकर उलटायची आणि दुसऱ्या हातानं ताटं मागं ढकलायची. "आवाज कमी करा जी," ती ओरडायची. तुम्ही माईकवरून उत्तर द्यायचे, "सूचना मिळाली आहे, विचार केला जाईल." अख्खी गल्ली हसायची. मीही हसायचो. चौथीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी भाषण विसरलो, तेव्हाही सगळे हसले. आवाजाची व्यवस्था तुमचीच होती. मी स्टेजवर उभा, आणि मागच्या माईकवरून तुम्ही, "मंडळी, मशीन बरोबर हाय. पोट्टंच बिघडलं हाय." तुम्ही मला कधी हात लावला नाही, असं आई आजही तुमच्या बाजूनं सांगते. कायले लावणार? तुमच्याकडं चारशे वॅटचं मशीन होतं.

एक गोष्ट दिली तुम्ही मला, ती नाकारत नाही. जुन्या रेडिओतला चार इंची स्पीकर काढून तुम्ही तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवून दिला होता. मी त्यावर गाणं लावलं आणि नाचायला लागलो. तुम्ही गाणं बंद केलं. "गाणं तं कोणत्याही डबड्यातून गोड लागते रे. माणूस बोलवून पाह्य. माणसाचा आवाज माणसासारखा आला, तं डबा चांगला." मग माईक लावून तुम्ही त्या डब्यातून माझं नाव घेतलं. हळूच. तुमच्या तोंडून माझं नाव एवढ्या हळू मी तेवढंच ऐकलं, आणि तेही तुपाच्या डब्यातून.

आता आसेगावचं. तुम्हाला आठवत नसेल, तुमच्यासाठी ती एक गंमत होती. त्या दिवशी वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं. तुम्ही ताट सरकवलं, अंगणात गेले, माईक चालू केला आणि गल्लीला सांगितलं, "आज आमच्या घरी आळणी वांगे शिजले आहेत, सर्व मंडळींनी नोंद घ्यावी." आईनं हात धुतले, पिशवीत दोन लुगडी घातली आणि आसेगावच्या गाडीत बसून माहेरी निघून गेली. मला तुमच्याजवळ ठेवून गेली. काही दिवस तुम्ही थांबले. मग एका सकाळी तुम्ही ऑटोच्या टपावर दोन भोंगे बांधता, बॅटरी मागच्या सीटवर ठेवता आणि मला तिच्यावर हात ठेवून बसवता, की हलू नये म्हणून. आपण आसेगावात शिरतो. पारासमोर ऑटो उभा राहतो. तुम्ही घसा साफ करता. "हॅलो, हॅलो. एक बाई हरवली आहे. रंग सावळा, बांधा मजबूत, तोंड मोठं, हात आळणी. कोणाच्या घरी सापडली असेल, तं त्यांनी पारावर आणून सोडावी. आणणाऱ्याले चहा पाजण्यात येईल." पारावरची माणसं पागोटं सांभाळत हसतात. पोरं ऑटोमागं धावतात. तुम्ही मामाच्या घरासमोरून दोनदा ऑटो नेता आणि दोनदा तेच सांगता. मामा काठी घेऊन बाहेर येतो, तुम्ही माईकवरून त्याला रामराम घालता. आई बाहेर येत नाही. दार बंद. खिडकीही बंद.

आणि दोन-तीन दिवसांनी आई पिशवी घेऊन परत आली. कोणाशी न बोलता चुलीपुढं बसली. तुम्ही मला कोपरानं ढोसलं आणि डोळा मारला. "पाह्यलं? आवाज असला का माणूस येते." बाबा, शाळा-कॉलेजात मला कायकाय शिकवलं, त्यातलं काही राहिलं नाही. हे राहिलं. पुढं मी नववीत असताना भरदुपारी एका लग्नाच्या मांडवात वायर गुंडाळता गुंडाळता तुम्ही पडले आणि उठले नाही. लाइट गेलेली होती. तुमच्या जाण्याची बातमी लोकांनी एकमेकांच्या कानात सांगितली. मला रडू यायच्या आधी तेच वाटलं, की बरं झालं, आज तरी बिनमाईकचं काही झालं.

आता तिच्याबद्दल. ती धनजची. शेतकऱ्याच्या घरची, पोटापुरतं वावर, भाऊ कडक. एसटीनं कारंज्याला कॉलेजात यायची, माझ्याच वर्गात. आमचं काय होतं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही, म्हणजे लपवण्यासारखंही काही नव्हतं. ती घरून फोनवर बोलू शकत नव्हती, म्हणून कापूस वेचताना, गोठ्यात, पाण्याला गेली की ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. मी वाडीला पाणी देताना कानात रस्त्यावरचा स्वस्त इयरफोन घालून ते ऐकायचो. एक वाफा भरून दुसऱ्यात पाणी घुसायचं तरी कळायचं नाही. आई म्हणायची, "कोण बोलून राह्यलं रे तुह्या कानात? सांबार सडला सारा." दोन वर्षं तो बारीक, टोकदार, गोड आवाज माझ्या कानात होता. मला वाटायचं, आपण तिच्या आवाजावरच जगतो.

मग बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या वर्गात एक पोट्टा तिच्याबद्दल बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. मी टेबलावरचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याचं नाक फोडलं. प्राचार्य म्हणाले, माफीची एक ओळ लिहून दे, विषय संपवू. मी म्हटलं, लिहीत नाही. ती मला एसटी स्टँडच्या मागं उसाच्या रसाच्या दुकानापाशी भेटली. "एक ओळ लिहून दे ना. तुह्या बापाचं काय जाते?"

"बापाचं नाव काढू नको," मी म्हटलं. तुमची बाजू घेतली मी, बघा. तुमच्यासाठी.

"तू माह्यासाठी नाही मारलं," ती म्हणाली. "तुले मारायचंच होतं कोणाले तरी. मी नुसती सापडली."

मी रसाचा ग्लास आपटून फोडला आणि तिचं म्हणणं खरं करून दाखवलं. कॉलेज सोडलं, ते सोडलंच. ती परीक्षा देत राहिली. आवाज यायचे ते आधी कमी झाले, मग थांबले. मी मेसेज केले, फोन केले, धनजच्या फाट्यावर गाडी लावून उभा राहिलो. ती एसटीच्या खिडकीतून समोर पाहत निघून जायची. मी स्वतःला म्हणायचो, आपला आवाज कमी पडला. अजून मोठ्यानं हाक मारली पाहिजे.

मागच्या आठवड्यात त्या दिवशी तिच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची मंडळी कापडाच्या दुकानात गादीवर बसून साड्या निवडत होती, आणि आमचं दुकान त्याला लागूनच. ती आत आली. सोबत तिची वहिनी आणि तो. तो पुण्याला नोकरीला आहे, मूळ मंगरूळकडचा. बारीक अंगाचा, चष्मा, बोलणं मऊ. वहिनीच घोषणा केल्यासारखी बोलली, "अजी, आमच्या जावयानं आंदणात मागून मागून काय मागितलं, तं दोन डबे! फ्रिज नको, कपाट नको. सासरे म्हणतात, इथूनच घ्या, पुण्याचं नाव नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. बुजली नाही, की थबकली नाही. त्याला म्हणाली, "हे माझ्या वर्गात होते." आणि मला म्हणाली, "तुम्ही दाखवा." तुम्ही! बाबा, मला तुम्ही म्हणणारी ती कारंज्यातली पहिलीच बाई असेल.

तो सांगायला लागला. खोली दहा बाय अकरा. एका भिंतीला पलंग, समोर लाकडी फळी, तीवरच स्पीकर राहणार. मागं भिंत चार बोटांवर. वर घरमालकाची म्हातारी आई झोपते, म्हणून मोठा आवाज कधीच लावायचा नाही. "हळू लावलं तरी स्पष्ट पाहिजे. छोटा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आहे." मी ऐकत होतो आणि ती खोली माझ्या डोळ्यांपुढं बांधली जात होती. एक पलंग. फळी. हळू आवाज.

मालकानं हौसेनं मागवलेले असे तीन जोड आमच्याकडं धूळ खात होते. मी मुद्दाम सगळ्यात मोठा जोड काढला. साडेसहा इंची, आणि हवा निघायचं भोक मागच्या बाजूला. भिंतीजवळ ठेवला की असा स्पीकर घुमतो, खोली लहान असली की जास्तच. मला ते माहीत होतं. मला वाटलं, नेऊ दे. जन्मभर याच्या घरात ढोल वाजल्यासारखा आवाज येऊ दे. "हाच घ्या," मी म्हटलं, "दमदार आहे."

त्यानं डब्याच्या पाठीवरून हात फिरवला, भोकात बोट घातलं आणि हसला. "याला मागं मोकळी जागा लागेल हो. माझ्याकडे चारच बोटं आहेत." चिडला नाही. मला चिडलेला माणूस पाहिजे होता, त्याच्याशी कसं बोलायचं ते मला येतं. "असं करू," तो म्हणाला, "तुमची ही फळी भिंतीला लागून आहे. तिन्ही जोड इथंच ठेवून ऐकू, घरी ठेवणार तसे." मग त्यानं स्टूल ओढून घेतलं, दोन डब्यांच्या मधोमध, कान डब्याच्या वरच्या छोट्या स्पीकरच्या रेषेत येतील असा बसला. मी एक गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात त्यानं हात वर केला.

"गाण्यात कळत नाही. कोणाचं तरी बोलणं लावा ना. माणसाचा आवाज."

तुमचं वाक्य, बाबा. त्याच्या तोंडातून. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे झालं ते तुम्हालाच समजेल. माझा फोन दुकानाच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेलाच होता. मी तिच्याकडं पाहिलं. ती वहिनीच्या साडीचा काठ पाहत होती. मी तिचे जुने आवाज उघडले आणि एकावर अंगठा ठेवला. मला वाटलं, आता हिला सगळ्यांसमोर हाक मारतो. हे लग्न इथंच मोडतं. आज घरचे मारतील, उद्या ही माझ्याकडं येईल, दुसरं कुठं जाणार? आवाज असला का माणूस येते.

दुकानभर तिचा आवाज आला. "अय, ऐक ना. उद्या मी एसटीनं नाही येत. तू गाडी घेऊन फाट्यावर थांब. न् तो पिवळा शर्ट घालू नको, त्याच्यात तू हळद लागल्यासारखा दिसतं. आन् जेवून घे बरं, उपाशी नको फिरू. ठेवते. आई आली."

"बाई वं!" वहिनीनं पदर तोंडाला लावला. "हा तं तुहाच आवाज हाय! बंद करा जी ते! बंद करा म्हणते ना!"

मी बंद केलं नाही, ते आपोआप संपलं. ती उभी होती तिथंच उभी. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. तो स्टुलावर बसून होता, चष्मा काढून हातात घेतलेला. मी मूठ वळून ठेवली होती, तो उठला की पहिला हात माझा.

"पुन्हा लावा," तो म्हणाला.

"काय?"

"तेच. पुन्हा लावा. घुमतो आहे आवाज. विहिरीतून बोलल्यासारखी वाटते. हिचा आवाज असा नाही. तो दुसरा जोड लावून पाहू."

बाबा, मी वायरी काढल्या. का काढल्या, विचारू नका. गिऱ्हाईक म्हणालं, हात चालले. दुसरा जोड लावला, चार इंची, चारी बाजूंनी बंद, सगळ्यात लहान. पुन्हा तेच. अय, ऐक ना. पुन्हा फाटा, पिवळा शर्ट, जेवून घे. तो डोळे मिटून ऐकत होता. "पातळ आहे. स आणि च टोचतात कानाला," तो म्हणाला. "ही एवढी बारीक नाही बोलत. तुम्हाला काय वाटतं?"

मी काही बोललो नाही. वहिनी दारात जाऊन उभी राहिली, कोणी येतं का पाहायला. तिसरा जोड लावला. सव्वापाच इंची, हवेचं भोक पुढच्या बाजूला. तिसऱ्यांदा तिनं मला फाट्यावर बोलावलं आणि तिसऱ्यांदा माझ्या जेवणाची काळजी केली, आणि आम्ही चौघं उभे राहून, बसून, ते कसं ऐकू येतं हे तपासत होतो. आवाज जाडसर होता. थोडी खरखर, पोटातून आल्यासारखा. तो हसला आणि मान वळवून तिला विचारलं, "काय गं?"

"हाच घ्या," ती म्हणाली. "याच्यात मी माह्यासारखी वाटते."

मी तिसरा जोड खोक्यात भरला. थर्माकोल घातला, चिकटपट्टी लावली, दोरी बांधली. तो खोकं उचलताना माझ्याजवळ वाकला, कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाला, "तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं तुमच्याबद्दल. सगळं. तुम्ही उगाच त्रास घेतला." आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा फोडता आला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती शेवटी निघाली. दारात थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदा मला तू म्हणाली. "तुह्याकडं अजून बरेच असतीन माहे आवाज. ठेव. दुकानात दाखवाले कामी येतीन." आणि साड्यांच्या दुकानात गेली.

वहिनीच्या तोंडून गोष्ट बाजारात पोचायला संध्याकाळ लागली नाही. आई घरी आली तेव्हा मी ओसरीत बसलो होतो. तिनं टोपली उतरवली, उरलेल्या मेथीवर पाणी मारलं, आणि माझ्याकडं न पाहता बोलली.

"काहून रे, त्या पोट्टीचा आवाज दुकानात वाजवला म्हणते तुनं? नवऱ्यादेखत?"

"वाजवला."

"बापाचाच भोंगा."

"मग?" मी ओरडलो. "त्यांचा भोंगा तरी कामाले आला. तू आलीच ना वापस आसेगावाहून? आली ना?"

आई हसायला लागली. बाबा, तुम्ही गेल्यापासून ती एवढी हसलेली मी पाहिली नाही. ओट्यावर बसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. "तुले तसं वाटते? तुह्या बापालेही तसंच वाटत होतं. मेला तरी तसंच समजून मेला बिचारा." बिचारा म्हणाली ती तुम्हाला. "अरे, मी तं त्याच दिवशी निघाली होती. पिशवी भरून दारात ठेवली होती, भाऊ गाडीवर सोडणार होता. वाडीत तीन वाफे मेथी कापाले आली होती, मी नाही तं कोण कापन? तुहा बाप? तेवढ्यात त्याचा भोंगा वाजला. आता निघाली असती तं गाव काय म्हणलं असतं? यू यू केलं न् कुत्री धावली. म्हणून दात-ओठ खात दोन दिवस घरात बसली. आली तं मेथी फुलावर गेलती. जनावरालेच टाकली सारी. त्यानं मले आणली नाही. त्यानं मले रोखली."

"मग तू त्यांना सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू?" ती मेथीची जुडी झटकत म्हणाली. "खुश होता. खुश असला का दोन दिवस माईकले हात लावत नव्हता."

ऐकलं? तुम्ही मला डोळा मारला होता त्या दिवशी, कोपरानं ढोसलं होतं. तुमची एकुलती एक जीत, जी मी तुमच्यामागं वारशासारखी सांभाळली, ती फुलावर गेलेल्या मेथीची जीत होती. आईनं ती जनावरांना टाकली. तुम्ही जिवंत असते तर मी हे तुम्हाला अंगणात उभं करून सांगितलं असतं, आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं असतं. आता तुम्ही नाही, म्हणून कागदावर. पण हा कागद कुठं पाठवायचा नाही, तुमच्या फोटोमागंही खोचायचा नाही. तुम्ही ऐकणाऱ्यातले कधी नव्हते, तुम्हाला ऐकवून काय होणार. फाडून वाडीत गाडून टाकीन, तेवढीच माती भुसभुशीत.

तिचं लग्न येत्या रविवारी आहे. जात नाही. तिचे सगळे आवाज फोनमधून काढून टाकले. एक ठेवला होता, तोही काल काढला. आता राग आहे, पण कोणावर ते नीट सांगता येत नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्यावर करायला जातो, तर त्याचं एक बोलणं आडवं येतं. दुसरा जोड लावल्यावर त्यानं मला विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं, आणि मी गप्प बसलो. त्याला वाटलं असेल, पहिल्यासारखाच मी पुन्हा फसवायच्या विचारात आहे. तसं नव्हतं. दोन वर्षं स्वस्त इयरफोनमधून ऐकलेला तो बारीक आवाज मी त्या दुसऱ्या जोडातून ओळखला होता. तिसरा लावला तेव्हा क्षणभर मला वाटलं, ही कोण दुसरीच बाई बोलते आहे. मग ती स्वतः बोलली, हाच घ्या, आणि समोरची ती आणि डब्यातली ती एकाच आवाजात बोलल्या. मी उत्तर दिलं असतं, तर दुसरा जोड म्हटलं असतं, बाबा. अगदी मनापासून म्हटलं असतं.